बोरनाळची मैना

"ही मैना कुणी काढली?"

दारातल्या माणसाने आत पाऊल टाकायच्या आधीच विचारलं. अंगात एसटी कंडक्टरचा खाकी गणवेश, पायांत धुळीने पांढरे पडलेले बूट, हातात वर्तमानपत्राचं चार घड्या घातलेलं पान. पानावर आमच्या कार्टूनमधलं चित्र छापलेलं होतं. डोक्यावरून पदर घेऊन ठसक्यात उभी असलेली मैना. एक पंख कमरेवर, दुसऱ्या पंखात रस्सा वाढायचं ओगराळं.

"मी काढली," मी म्हणाले. आता हा कौतुक करणार, असंच मला वाटलं होतं.

"ती माझी आत्या आहे."

मला हसू फुटलं. तो हसला नाही, तेव्हा मी पण गप्प झाले.

एकोणीसशे एकोणऐंशी सालच्या पौषातली ही गोष्ट. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. शाळेतली चित्रकलेच्या बाईची नोकरी सोडून कोल्हापुरात भालचंद्र मेस्त्रींच्या माडीवर चित्रं काढत होते. मेस्त्रींनी सारा जन्म सिनेमाची पोस्टरं रंगवण्यात घातलेला. साठीला टेकल्यावर त्यांच्या मनाने घेतलं, की आपण एक कार्टून करायचं. सात मिनिटांचं, पण हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे असं. त्या सात मिनिटांसाठी आम्ही दोघांनी तीन वर्षं घातली. खोलीच्या तीन भिंतींना छतापर्यंत चित्रांचे गठ्ठे लागले होते.

विषय मेस्त्रींनीच काढला होता. 'नाक्यावरची मैना' ही कविता तेव्हा लहानथोरांच्या तोंडी होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कुणीतरी मुठी आवळून, डोळे वटारून ती म्हणायचाच. इंग्रजांचा मुलूख आणि निजामाचा मुलूख यांच्या सीमेवरचा जकातनाका. अवसेची रात्र. नाक्यावरच्या खाणावळीत एकीकडे नाकेदार, दुसरीकडे चोरटा माल नेणारा व्यापारी, आणि दोघांच्या मधे मैना नावाची खाणावळवाली. ती दोघांनाही झुलवते, दिवा फुंकते, अंधारात दोन बंदुका उडतात. दिवा लागतो तेव्हा दोन प्रेतं पडलेली असतात आणि मैना व्यापाऱ्याचं सोनं घेऊन पसार झालेली असते.

नाक्यावरती रात उतरली, दिवा विझाया आला,
मैनेच्या त्या डोळ्यांपायी जीव दोघांचा गेला.

त्याचं आम्ही असं केलं होतं:

नाक्यावरती भूक उतरली, वास रश्श्याचा आला,
मैनेच्या त्या रश्श्यापायी सदरा दोघांचा गेला.

नाकेदार आम्ही तरस केला, व्यापारी कोल्हा. मैनेचं पाखरू करायला तर डोकंही चालवावं लागलं नाही. कवी वारून बरीच वर्षं झाली होती, त्यांच्या मुलाने हसत हसत परवानगीचं पत्र दिलं होतं. सोलापूरच्या एका थेटरात, हिंदी सिनेमाच्या आधी आमचं कार्टून लागायचं ठरलं होतं. दहा दिवस उरले होते. त्या कवितेतली माणसं खरी असतील, हे आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"बसा," मेस्त्री त्या माणसाला म्हणाले. "नाव काय आपलं?"

"बंकट नलवडे. उस्मानाबाद डेपोला आहे." तो बसला नाही. "बोरनाळचा नाका खरा होता, साहेब. खाणावळ खरी होती. ती माझी आत्या चालवायची. आज सत्तरीला आली, पण जिवंत आहे. त्या कवितेपायी माझ्या बहिणीची सोयरीक दोनदा मोडली. मुलाकडचे येतात, पोहे खातात आणि जाताना विचारतात, ती मैना तुमच्यातलीच ना? दोन खून पचवलेली?" त्याने पान टेबलावर ठेवलं. "कविता आता लोक विसरायला लागले होते. तुम्ही परत काढली. आता तर चित्र पण दिलं."

मेस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुमचं म्हणणं काय?"

"म्हणणं हेच, की आधी तिला दाखवा. ती हो म्हणाली तर माझं काही नाही. नाही म्हणाली तर मी थेटराच्या दारात आडवा पडेन. कोर्टात जायची ऐपत नाही माझी, पण आडवं पडता येतं मला."

तो गेल्यावर मेस्त्री बराच वेळ भिंतीच्या गठ्ठ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शालन, तू जा."

"मी एकटी?"

"मैना तू काढलीयास. आणि बाई हायस. माझ्यासारखा बाप्या तिच्यापुढं जाऊन काय बोलंल?"

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

"तर ऱ्हायलं," मेस्त्री म्हणाले. एवढंच बोलले, आणि घोटलेला काळा रंग पुन्हा घोटायला लागले.

तिसऱ्या दिवशी प्रोजेक्टरची पेटी, रिळाचा डबा आणि एक पांढरी चादर घेऊन मी बोरनाळला उतरले. बंकट फाट्यावर सायकल घेऊन उभा होता. पेटी त्याने कॅरिअरला बांधली. वाटेत सहज बोलावं तसं मी विचारलं, "त्यांनी कधी ऐकलीय का ती कविता?"

"गावात शाळा आहे, बाई," तो म्हणाला. "दरसाल ऐकते."

त्याची आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. उंच, हाडापेराने मजबूत बाई. माझी मैना गोल गरगरीत होती, हे आठवून मला घाम फुटला. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तूच का ती?"

"हो, आत्या."

"जेवलीस?"

मी नकारार्थी मान हलवली. तिने भाकरी-पिठलं वाढलं, समोर बसून मला खाताना बघत राहिली, आणि कार्टूनबद्दल चकार शब्द काढला नाही. तेवढ्यात कुणी बाई दारावरून जाता जाता ओरडली, "मैनाबाई, पाव्हणी आली व्हय?" तिने हुंकार भरला. बंकटने मान खाली घातली. मग मला कळलं, की सारं गाव तिला त्याच नावाने हाक मारतं.

खेळ शाळेच्या वर्गात दाखवायचा ठरला, कारण वीज तिथेच होती. दुपारी तीनची वेळ. खिडक्यांना घोंगड्या लावल्या, फळ्यावर चादर ताणली. बंकटला वाटत होतं, आत्या, तो आणि मी एवढेच असावेत. पण बातमी आमच्या आधी पोचली होती. दाराशी पन्नास-साठ माणसं उभी. बंकट त्यांना हुसकायला लागला.

"येऊ दे त्यांला," आत्या म्हणाली.

"अगं आत्या, पण..."

"माझ्या माघारी आयकत्यात, तर माझ्यासमूर आयकू दे. या रे, बसा खाली."

ती सगळ्यांच्या पुढे, चादरीपासून चार हातांवर जाऊन बसली. पाठीचा कणा ताठ. लोक तिच्या मागे चिकटून बसले. मी प्रोजेक्टर चालू केला.

आता हे लक्षात घ्या, की या कार्टूनवर हसला नाही असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मुंबईचा वितरक हसला होता, लॅबमधली माणसं हसली होती. नाकेदार तरस ऐटीत येतो आणि स्वतःच्याच तलवारीत पाय अडकून पडतो, तिथे पहिला हशा. बोरनाळच्या वर्गात तिथे कुणी हू की चू केलं नाही. कोल्हा गाढवावर बसून येतो आणि उतरल्यावर कळतं, की गाढव सारा वेळ दुसरीकडे बघत उभंच होतं, चालत होता तो कोल्हाच. तिथेही शांतता. मैना आली. ठुमकत ओगराळं फिरवत आली. अंधारात साठ माणसं श्वास धरून आत्याच्या पाठीकडे बघत होती, पडद्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. एक पोरगं फिसकन हसलं, तर त्याच्या आईने फाडकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

तीन मिनिटं गेली. चार गेली. प्रोजेक्टरची टरटर तेवढी ऐकू येत होती. मी मनात मेस्त्रींची माफी मागायला लागले. ह्या बाईच्या आयुष्याची जी काय राख झाली होती, ती मी रंगवून पडद्यावर आणली होती, आणि तिला चार हातांवर बसवून ती बघायला लावत होते. रीळ थांबवावं असं वाटलं. हात बटणापर्यंत गेलाही.

पडद्यावर तरस आणि कोल्ह्याने बंदुका काढल्या. तरसाची लांब, तर कोल्ह्याची त्याहून लांब, करत करत दोन्ही नळ्या खिडकीतून बाहेर जाऊन झाडाला वेढे घालून परत आत आल्या. धाडकन बार उडाला. गोळी खोलीभर हिंडली, दोघांच्या कानांवरून गेली, आणि शेवटी चुलीवरच्या रश्श्याच्या पातेल्यात घुसली. पातेल्याला भोक. भोकातून रश्श्याची धार, धारेचा लोट, लोटाचा पूर...

"अगं आई!" आत्या ओरडली.

मी दचकले. तिने जमिनीवर थाप मारली.

"भगुणं! भगुण्यालाच लागली की गं ती!"

आणि ती हसली. असं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. आधी खोकल्यासारखं काहीतरी आतून आलं, मग ते मोठं होत गेलं, ती पुढे वाकली, पदर तोंडात कोंबला, पदर बाहेर आला. रश्श्याच्या पुरात तरस आणि कोल्हा वाहत जाऊन सीमेच्या चुकीच्या बाजूंना लागले आणि दोघांनाही पोलिसांनी धरलं, तोवर ती बंकटच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. तिला बघून मागे कुणीतरी हसलं. मग दुसरं. मग सगळा वर्ग असा फुटला, की खिडकीवरची एक घोंगडी खाली पडली आणि पडदा उन्हात पांढराफटक झाला.

"परत लाव," आत्या म्हणाली. "पहिल्यापून."

मी परत लावलं. दुसऱ्यांदा लोक तरसाच्या तलवारीपासूनच हसायला लागले.

खेळ संपल्यावर घोंगड्या काढल्या, तरी कुणी उठेना. आत्या डोळे पुसत माझ्याकडे वळली. हसू अजून गालांवर होतं, पण नजर रोखलेली होती.

"तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"भगुण्याचं."

"कुणी नाही, आत्या. मला काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, खाणावळ आहे म्हणजे चूल असणार. चुलीवर पातेलं असणार. एवढ्याशा जागेत गोळी सुटली, तर ती दुसरीकडे कुठे जाईल?"

तिने मान डोलावली. मग म्हणाली, "एवढं त्या कवीला सुचलं न्हाई बघ."

आणि तिथेच, शाळेच्या जमिनीवर बसून, साऱ्या गावासमोर तिने सांगितलं.

"रात कसली? भर दुपार व्हती. अवस न्हाई न् काई न्हाई, बाजारचा दिस व्हता. नाकेदार आन् बार्शीचा रामलिंग, दोघं एका पंक्तीला जेवत व्हते. दुश्मन कसले? दर बाजारला संगं जेवायचे. रामलिंग साखरंची पोती न्यायचा, नाकेदार तिकडं बघायचाच न्हाई. नाकेदाराला रस्सा आवडायचा लई. परत वाढून घ्यायला फुडं वाकला, तर भितीला टेकवलेली बंदूक घसरली आन् उडाली. भगुण्याला भोक. कढत रस्सा दोघांच्या मांड्यावर. रामलिंग जो पळाला, तो पायतानं टाकून पळाला. बार्शीत जाऊनच थांबला आसंल."

लोक हसले. ती थांबली, आणि हसू ओसरेपर्यंत थांबून राहिली.

"पर सरकारी बंदूक उडाली व्हती. साहेब इचारनार, कशापायी उडाली? चोरासंगं जेवताना उडाली, आसं सांगतोय कोण? नाकेदार लेकराबाळांचा. माझ्या पाया पडला. म्हनला, बाई, म्हयनाभर म्हायेरी जा, म्या रातची मारामारी दाखवतो, चोर मेला म्हनतो, मढं त्याच्या लोकांनी नेलं म्हनतो, साक्षीदार न्हाई म्हनतो. म्या म्हनलं, बरं. येकल्या बाईचं नाक्यावरचं दुकान, नाकेदाराला न्हाई म्हनून कसं चालंल? म्हयनाभरानं आले, तर नाकेदाराची बदली झालेली. आन् त्यानं कुठंतरी चार मानसांत फुगवून सांगितलेलं त्या कवीच्या कानावर गेलेलं. माझ्या आधी कविता गावात आलेली."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?" मी विचारलं.

"सांगितलं की. धा जनांला सांगितलं. रश्श्याचं कोन आयकतंय? मानसं खुनाचं आयकत्यात."

मागच्या रांगेतून एक म्हातारा गृहस्थ म्हणाला, "आन् रामलिंगाचं काय झालं, मैनाबाई?"

"काय व्हनार? बार्शीत किरान्याचं दुकान टाकलं. चार वर्षांखाली वारला. दर दिवाळीला रवा-साखर धाडायचा. कवितेत मेलेला मानूस."

"आणि ते भगुणं?" हे एका मास्तरांनी विचारलं. बहुधा त्यांना ते शाळेत ठेवायचं असावं.

"मोडीत घातलं. भोकाच्या भगुण्याची काय पूजा घालायची व्हती?"

बंकट तिच्या पुढ्यात येऊन बसला. त्याने विचारलं, "मला का नाही सांगितलंस कधी?"

तिने त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. "तू इचारलंस कधी? तू नुसता भांडायचास. माझ्या बाजूनं भांडायचास, पर खून झालाच न्हाई आसं तुलाबी कुठं वाटत व्हतं?"

बंकट उठून बाहेर गेला. मी खिडकीतून पाहिलं. तो शाळेच्या हापशावर तोंड धूत होता. बराच वेळ धूत होता. परत आला तेव्हा त्याने आपण होऊन माझी चादर काढली, नीट घडी घातली आणि म्हणाला, "बाई, थेटराच्या दारात मी आडवा पडणार नाही."

तिथल्या बाकावर मी बसून घेतलं. तीन वर्षांची चित्रं, मेस्त्रींची साठी, सगळं एकदम डोळ्यांतून वाहायला लागलं. आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"आगं, रडतीस काय? म्या हसले की."

फाट्यावरच्या पोस्टातून मी कोल्हापूरला फोन लावला. फोन मेस्त्रींच्या माडीशेजारच्या पानपट्टीवर होता; तिथून त्यांना बोलवायला माणूस गेला.

"मेस्त्री, त्या हो म्हणाल्या."

पलीकडे रिसीव्हर कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं, लाइन तुटली.

"हसली का?" मेस्त्रींनी विचारलं.

"दोनदा."

"कुठं हसली?"

"पातेल्याला."

"बघ," ते म्हणाले. "मी म्हटलं न्हवतं, पातेलं मोठं काढ म्हणून?"

निघताना आत्या फाट्यापर्यंत चालत आली. गाडी लांबून दिसायला लागली, तेव्हा तिने विचारलं, "सिनेमाच्या शेवटाला नावं येत्यात न्हवं? कुनी काय केलं त्याची?"

"येतात. आमचीही आहेत. माझं, मेस्त्रींचं, वाजवणाऱ्यांचं."

"त्यात माझं टाक."

"टाकते. पण काय म्हणून टाकू?"

तिने जरा विचार केला. "लिही: गोळी उडाली तवा हजर. आन् म्होरं नाव. गयाबाई भानुदास लोखंडे."

मी वहीत लिहून घेतलं. वयाच्या तिशीपासून तिला हे नाव कुणी उच्चारून ऐकवलं नव्हतं, हे मला नंतर बंकटने सांगितलं. मतदार यादीतही मैनाबाईच होतं.

ती एक पाटी रंगवून, तिचं चित्रण करून मुंबईच्या लॅबमधून प्रती यायला वेळ लागला. खेळ पंधरा दिवस पुढे गेला. वितरक तणतणला. मेस्त्रींनी त्याला सांगितलं, पाटी नाही तर कार्टून नाही.

सोलापूरच्या थेटरात मी तिच्या शेजारी बसले होते. बंकट, त्याची बहीण, बोरनाळची आणखी सात-आठ माणसं आमच्या रांगेत. थेटर भरलेलं. पहिल्या मिनिटाला जो हशा सुरू झाला, तो थांबायलाच तयार नव्हता. गयाबाई पडद्याकडे कमी आणि लोकांच्या तोंडांकडे जास्त बघत होती. मैना ओगराळं घेऊन आली, तेव्हा पुढच्या रांगेतला एक जाडा माणूस मांडी बडवत म्हणाला, "बाई जोरात आहे हां!" तिने मला कोपराने ढोसलं.

मग नावं सुरू झाली. लोक खुर्च्यांमध्ये सावरून बसायला लागले, मुख्य सिनेमाची वाट बघत. गयाबाईला वाचता येत नव्हतं. तिने माझं मनगट धरलं होतं.

"आली का?"

"आता येईल. आली."

"वाच."

"गोळी उडाली तेव्हा हजर," मी कुजबुजले, "गयाबाई भानुदास लोखंडे."

"जोरात वाच की."

मी आवाज चढवला. पुढचा जाडा माणूस मागे वळला. "ओ बाई, हळू. आम्हाला बघू द्या."

गयाबाईने पुढे वाकून त्याच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं. "वाचू द्या तिला, दादा," ती म्हणाली. "म्या हाय ती."

पाटी तीन सेकंदांचीच होती. ती कधीच निघून गेली होती आणि पडद्यावर दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं. तरी मी ते नाव पुन्हा एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्याने वाचलं.